पहाटे साडेतीनचा बाजार : बेसबॉलच्या डेडलाइनचे सौदे कसे पारखावेत?

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये जुलै संपता संपता खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. त्या आठवड्यात कुठल्या संघाने काय घेतलं आणि काय गमावलं, हे ठरवायचं कसं, असं विचारणारी पत्रं या वेळी खानदेशातून बरीच आली. सॉफ्टबॉलमुळे पिचर, बेस, इनिंग हे शब्द तिथल्या शाळा-कॉलेजांना परके नाहीत, म्हणून उत्तरांत प्राथमिक नियम सांगत बसलेलो नाही.

प्रश्न : डेडलाइन संपली की ‘कोण जिंकलं, कोण हरलं’ अशा याद्या तासाभरात येतात. मोठ्या नावाचा खेळाडू घेणारा संघ त्यात नेहमी वर असतो. आपणच गुण द्यायचे ठरवलं तर सुरुवात कुठून करायची? – एक विद्यार्थी, अमळनेर

उत्तर : आलेल्या खेळाडूच्या नावापासून सुरुवात करू नका, संघातल्या भगदाडापासून करा. वहीच्या एका पानावर फलंदाजीच्या नऊ जागा, पाच स्टार्टर पिचर आणि शेवटच्या इनिंग सांभाळणारे चार रिलीव्हर असे अठरा रकाने पाडा. प्रत्येकात सध्या खेळणाऱ्याचं नाव आणि त्याचा ‘वॉर’ लिहा. वॉर म्हणजे, हा माणूस नसता आणि मायनर लीगमधून (मेजर लीगच्या खालच्या स्पर्धांतून) सहज मिळणारा बदली खेळाडू उभा केला असता तर संघाने किती सामने कमी जिंकले असते, याचा अंदाज. शून्य म्हणजे तो बदली खेळाडू, पूर्ण हंगामाला २ म्हणजे नेहमीचा सरासरी खेळाडू आणि ५ च्या पुढे ऑल-स्टारच्या तोडीचा.

आता हिशेब. हंगाम १६२ सामन्यांचा. जुलैअखेर त्यातले साधारण १०८ झालेले असतात आणि ५४ उरतात, म्हणजे एक तृतीयांश. त्यामुळे पूर्ण हंगामाला साडेचार वॉरच्या गतीने खेळणारा तारा आणला तरी उरलेल्या दिवसांत तो दीड विजयाचाच ऐवज देणार. त्याने ज्याची जागा घेतली तो ३ च्या गतीने खेळत असेल, तर तोही एक विजय देणारच होता. निव्वळ फायदा अर्ध्या विजयाचा. दुसरीकडे, सेकंड बेसवर उणे दीडच्या गतीने खेळणारा कुणी असेल आणि त्याच्या जागी २ च्या गतीचा, फारसं नाव नसलेला खेळाडू आणला, तर साडेतीनचा तिसरा हिस्सा, म्हणजे एकाहून थोडा जास्त विजय पदरात पडतो. किंमत मात्र पहिल्याच्या मानाने किरकोळ. वर्तमानपत्रात मथळा पहिल्याचा येतो आणि गुणतालिकेत काम दुसरा करतो.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, खेळाडूने आतापर्यंत मिळवलेला वॉर जसाच्या तसा नव्या संघाच्या खात्यात मांडणं. तो जुन्या संघाकडे खर्च झालेला असतो. दुसरी, जागा न बघणं. फर्स्ट बेसवर चांगला माणूस असताना दुसरा फर्स्ट बेसमन घेतला तर एकाला लेफ्ट फील्डमध्ये ढकलावं लागतं आणि बॅटने कमावलेलं ग्लव्ह घालवतो.

भगदाड बुजवण्याचा सर्वांत चांगला दाखला २०२१ च्या अटलांटा ब्रेव्ह्जचा. १० जुलैला त्यांचा सर्वोत्तम खेळाडू रोनाल्ड अकुन्या ज्युनियर याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि हंगाम त्याच्यापुरता संपला. संघ ऑगस्ट उजाडेपर्यंत एकदाही ‘निम्मे विजय’ या रेषेच्या वर गेला नव्हता. व्यवस्थापनाने अकुन्याच्या तोडीचा एक खेळाडू शोधला नाही, चार आउटफिल्डर घेतले : जॉक पीडरसन, अ‍ॅडम ड्युव्हॉल, होर्हे सोलेर आणि एडी रोझारिओ. बदल्यात संघाचा एकही बिनीचा तरुण खेळाडू गेला नाही. सोलेरची कॅन्सस सिटीकडे फलंदाजीची सरासरी .१९२ होती. पण दोनच वर्षांपूर्वी, २०१९ मध्ये, त्याने ४८ होमरन मारून अमेरिकन लीगमध्ये पहिला नंबर मिळवला होता. रोझारिओ तर पोटाच्या स्नायूच्या दुखापतीने बसलेला होता. क्लीव्हलंडला त्याचा उरलेला पगार नको होता, म्हणून त्यांनी तो पाब्लो सँडोव्हालच्या बदल्यात दिला आणि सँडोव्हालला लगेच मोकळंही केलं. ब्रेव्ह्जने ८८ सामने जिंकून विभाग जिंकला. रोझारिओ नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, सोलेर वर्ल्ड सिरीजचा.

शेवटचा भाग म्हणजे संघ कुठे उभा आहे. २०२२ पासून प्रत्येक लीगमधून सहा संघ पुढे, म्हणजे ऑक्टोबरच्या प्लेऑफला (बाद फेरीला) जातात : तीन विभाग-विजेते आणि तीन वाइल्ड कार्ड, म्हणजे उरलेल्यांतले सर्वांत जास्त सामने जिंकलेले. कड्यावर उभ्या संघाला एक जादा विजय सोन्याच्या मोलाचा. बारा सामन्यांनी पुढे असलेल्याला तोच विजय काही कामाचा नाही, त्याने ऑक्टोबरचा विचार करायचा. तिथे मधे सुट्ट्या असतात, पाचवा स्टार्टर जवळपास लागत नाही आणि चांगले रिलीव्हर जास्त वेळा वापरता येतात. म्हणून रोज खेळणारा फलंदाज ही काठावरच्या संघाची खरेदी, आणि अव्वल क्लोजर (शेवटची इनिंग टाकणारा रिलीव्हर) किंवा पहिल्या दोनांत बसेल असा स्टार्टर ही पुढे असलेल्या संघाची. हे उलट झालं असेल तर गुण कापा.

प्रश्न : नेमकी वेळ काय? आणि मुदत संपल्यावर संघाला काहीच करता येत नाही का? – रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : तिकडच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने संध्याकाळी सहा, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीन. तारीख दरवर्षी थोडी हलते : २०२२ मध्ये २ ऑगस्ट, २०२३ मध्ये १ ऑगस्ट, २०२४ मध्ये ३० जुलै, २०२५ मध्ये ३१ जुलै. २०१८ पर्यंत ऑगस्टमध्येही वेव्हरच्या वाटेने, म्हणजे खेळाडू आधी इतर संघांपुढे उचलण्यासाठी ठेवून, सौदे होत. जस्टिन व्हर्लँडर डेट्रॉइटहून ह्यूस्टनला गेला तो ३१ ऑगस्ट २०१७ ला, आणि ह्यूस्टनने त्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली. ही वाट २०१९ पासून बंद आहे. आता मुदतीनंतर कुणी सोडून दिलेला खेळाडू वेव्हरवर उचलता येतो किंवा मोकळा खेळाडू करारबद्ध करता येतो. ३१ ऑगस्टपर्यंत संघात आलेलाच प्लेऑफला पात्र, हे मात्र लक्षात ठेवा.

प्रश्न : रिलीव्हर पिचरची पारख कशी करायची? ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा) १.७५ असलेला घेतला तर लोक टीका करतात आणि ४ असलेला घेतला तर जाणकार वाहवा करतात. हे उलटं कसं? – सॉफ्टबॉल प्रशिक्षक, धुळे

उत्तर : जुलैअखेर रिलीव्हरने जेमतेम ३५-४० इनिंग टाकलेल्या असतात. एवढ्याशा कामात ईआरए फार फसवतो, कारण त्यात मागच्या क्षेत्ररक्षकांचा आणि नशिबाचा वाटा मोठा असतो. पिचरच्या स्वतःच्या हातात तीनच गोष्टी : स्ट्राइकआउट, वॉक आणि होमरन. त्यावरून ‘फिप’ काढतात. होमरन गुणिले १३, त्यात वॉक आणि अंगावर बसलेले चेंडू मिळून गुणिले ३ मिळवा, स्ट्राइकआउट गुणिले २ वजा करा, आलेल्याला इनिंगने भागा आणि साधारण ३.१० मिळवा.

दोन काल्पनिक पिचर घ्या, दोघांच्या ३६ इनिंग. पहिल्याचा ईआरए १.७५, म्हणजे फक्त ७ धावा. पण स्ट्राइकआउट २७, वॉक १८, अंगावर १, होमरन ५. हिशेब : ६५ अधिक ५७ वजा ५४, म्हणजे ६८. भागिले ३६ केले की १.८९, त्यात ३.१० मिळवून ४.९९. दुसऱ्याचा ईआरए ४.००, १६ धावा. स्ट्राइकआउट ५०, वॉक १०, अंगावर १, होमरन ३. हिशेब : ३९ अधिक ३३ वजा १००, म्हणजे उणे २८. भागिले ३६ केले की उणे ०.७८, आणि फिप २.३२. पहिल्याने बेस भरून ठेवले आणि दर वेळी कुणीतरी अप्रतिम झेल घेऊन त्याला वाचवलं. दुसऱ्याच्या बाबतीत चेंडू फटीतून निसटत राहिले. ऑगस्ट-सप्टेंबरसाठी दुसराच घ्यावा, आणि तो स्वस्तही मिळतो.

फिपवर थांबू नका. शेवटच्या पाच-सहा वेळांचा फास्टबॉलचा वेग बघा. एप्रिलमध्ये ताशी ९७ मैल टाकणारा जुलैत ९५ वर आला असेल, तर आधी खांदा किंवा कोपर तपासायला हवा, मग सौदा. मैदानही बघा. डेन्व्हरचं कूर्स फील्ड सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि कर्व्ह कमी वळतो, त्यामुळे तिथल्या पिचरचे आकडे आहेत त्याहून वाईट दिसतात आणि फलंदाजांचे चांगले. घरचे आणि बाहेरचे आकडे वेगळे मांडल्याशिवाय कोलोरॅडोच्या खेळाडूबद्दल मत बनवू नका. आणखी एक : २०२० पासून पिचरला किमान तीन फलंदाजांना सामोरं जावं लागतं किंवा इनिंग संपवावी लागते. एका डावखुऱ्या फलंदाजापुरता आणायचा डावखुरा पिचर ही खरेदी त्यामुळे जवळपास बाद झाली. उजव्या फलंदाजांपुढे त्याचं काय होतं, ते आधी बघायचं.

आणलेल्या क्लोजरला प्रशिक्षक किती पिळतो, हाही सौद्याचाच भाग. शिकागो कब्जने २५ जुलै २०१६ ला अरोल्डिस चॅपमनला यँकीजकडून घेतलं. वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात त्याने ४२ चेंडू टाकले, सहाव्यात २० आणि सातव्यात ३५. सातव्यात आठव्या इनिंगला राजाई डेव्हिसने त्याला होमरन मारून सामना बरोबरीत आणला, तेव्हा हात दमल्याचं चेंडूंवरून दिसत होतं. कब्ज दहाव्या इनिंगला ८-७ ने जिंकले म्हणून ती गोष्ट मागे पडली.

प्रश्न : आम्ही केळीवाले. टिशू कल्चरचं रोप घेताना नऊ-दहा महिन्यांनी काय होणार याचा अंदाज असतो. पण एकोणीस वर्षांचा पोरगा पाच वर्षांनी काय होईल हे तिकडचे लोक कशावर ठरवतात? सोटोच्या सौद्यात वॉशिंग्टनला काय मिळालं? – बागायतदार, रावेर

उत्तर : तुमचाच दाखला पुढे नेतो. बोटभर उंचीचं रोप आणि निसवणीला आलेलं झाड यांचा भाव एक नसतो, कारण मधल्या काळातली जोखीम दुसऱ्यात संपलेली असते. तरुण खेळाडूंचं तसंच. मायनर लीगच्या चढत्या पायऱ्यांवर रुकी लीगमधला १८ वर्षांचा, डबल-ए मधला २१ चा आणि ट्रिपल-ए मध्ये वर्षभर खेळून बोलावण्याची वाट बघणारा, या तिघांत मधे दोन-दोन निसवणी आहेत. फरक इतकाच की चांगल्या बागेत बहुतेक रोपं घडापर्यंत पोहोचतात, इथे बहुतेक पोहोचत नाहीत. म्हणून संख्या मोजायची ती गळ गृहीत धरून.

स्काउट २० ते ८० च्या मोजपट्टीवर गुण देतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी नेहमीचा खेळाडू, ४५ म्हणजे बाकावरचा उपयोगी किंवा फक्त डावखुऱ्या वा फक्त उजव्या पिचरपुढे चालणारा. ‘पाच खेळाडू मिळाले’ हे ऐकायला भारी वाटतं. पण पाचही ४० चे असतील तर तो सौदा एका ५५ च्या बरोबरीचा नाही. शॉर्टस्टॉप, कॅचर आणि सेंटर फील्डर यांना थोडा जास्त भाव द्या. पुढे बॅट कमी पडली तरी ग्लव्हच्या जोरावर ते संघात टिकतात. पिचरला थोडा कमी द्या, कारण कोपर.

२ ऑगस्ट २०२२ ला वॉशिंग्टन नॅशनल्सनी हुआन सोटो आणि जॉश बेल सॅन दिएगोला दिले. सोटो तेव्हा २३ वर्षांचा होता. त्याने १५ वर्षांचा ४४ कोटी डॉलरचा करार नाकारला होता, पण २०२४ अखेरपर्यंत तो संघाच्या ताब्यात होता. म्हणजे घेणाऱ्याला तीन ऑक्टोबर मिळणार होते. इथेच खरी किंमत ठरते. मेजर लीगमधली सहा सेवावर्षं पूर्ण झाली की खेळाडू मोकळा होतो आणि एक सेवावर्ष १७२ दिवसांचं धरतात. ज्याचा करार त्याच हिवाळ्यात संपतो त्याला तिकडे ‘रेंटल’ म्हणतात, आपण भाड्याचा म्हणू. असा मधेच आणलेला खेळाडू हिवाळ्यात निघून गेला तर नव्या संघाला ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली) भरपाईही मिळत नाही. म्हणून भाड्याच्या खेळाडूसाठी पहिल्या दोन-तीनांतला तरुण देणं सहसा महागातच पडतं.

वॉशिंग्टनला मिळाले सी. जे. एब्रम्स, मॅकेन्झी गोर, रॉबर्ट हॅसल, जेम्स वूड, हार्लिन सुसाना आणि पहिला बेसमन ल्यूक व्हॉइट. यात एब्रम्स आणि गोर मेजर लीगला लागलेले होते, गोर मात्र कोपराच्या दुखण्याने बसलेला. वूड १९ वर्षांचा, खालच्या पायरीवर. म्हणजे एकाच वेळी घडाला आलेली झाडं आणि रोपं, दोन्ही. विकणाऱ्याने असंच मिश्रण मागावं. एब्रम्स २०२४ मध्ये ऑल-स्टार झाला, गोर आणि वूड २०२५ मध्ये.

सॅन दिएगोचं नुकसान झालं का? २०२२ मध्ये ते नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेपर्यंत गेले, २०२३ मध्ये ८२ विजयांवर थांबले आणि बाहेर राहिले. मग त्या डिसेंबरात सोटो यँकीजला देऊन त्यांनी मायकेल किंग, ड्र्यू थॉर्प आणि इतर मिळवले, आणि पुढे थॉर्प शिकागोला देताना त्या सौद्यातून डिलन सीझ आणला. ताब्याची वर्षं शिल्लक असलेला खेळाडू असा पुन्हा विकता येतो, भाड्याचा येत नाही. या सौद्यात दोन्ही बाजूंना चांगले गुण द्यावे लागतात. डेडलाइनच्या सौद्यात एक जिंकला तर दुसरा हरलाच पाहिजे, असं काही नाही.

प्रश्न : पैशांची बाजू कशी मांडायची? कागदावर पगार दिसतो, पण खरोखर कोण किती भरतो? – कर सल्लागार, जळगाव

उत्तर : पगार दिवसांवर वाटला जातो. २०२५ चा मुख्य हंगाम २७ मार्च ते २८ सप्टेंबर, १८६ दिवसांचा. १ ऑगस्टपासून त्यातले ५९ उरले. म्हणजे १ कोटी २० लाख डॉलरच्या खेळाडूचे साधारण ३८ लाख डॉलर नव्या संघाकडे येतात. यातले किती जुना संघ सोबत पाठवतो, हे सौद्याच्या बातमीत शेवटच्या ओळीत असतं आणि तीच ओळ नीट वाचायची. पगार विकणाऱ्याने भरला की बदल्यात मिळणारा तरुण खेळाडू वरच्या दर्जाचा असतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्क मेट्सनी मॅक्स शर्झर टेक्सासला दिला, त्याच्या उरलेल्या कराराचे साडेतीन कोटी डॉलरच्या आसपास स्वतः भरले आणि लुईसांहेल अकुन्या हा शॉर्टस्टॉप मिळवला. ही रोख देऊन केलेली तरुणाची खरेदी होती, शर्झर तिचं वाहन.

दुसरा मुद्दा लक्झरी टॅक्स, म्हणजे संघाच्या पगारांची बेरीज ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की भरायचा कर. २०२५ साठी मर्यादा २४ कोटी १० लाख डॉलर. पहिल्यांदा ओलांडणाऱ्याला वरच्या रकमेवर २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्यापासून ५०. सर्वांत वरच्या टप्प्यात अधिभार धरून सलग तिसऱ्या वर्षाच्या संघाला ११० टक्के भरावे लागतात. अशा संघासाठी ३८ लाखांचा तोच खेळाडू जवळपास ८० लाखांना पडतो. मर्यादेच्या काठावरचा संघ गप्प बसलेला दिसला, तर त्याला ‘कंजूस’ म्हणण्याआधी हा आकडा बघा.

प्रश्न : आमच्या भागात कुठलाही व्यवहार असो, जाणती माणसं आधी विचारतात, ‘हाऊ सौदा फायदाना शे का?’ २०२३ मध्ये एंजल्सनी ओतानीला विकलं नाही आणि वर आणखी खेळाडू घेतले. ते चुकलं का? – कापूस उत्पादक, चोपडा

उत्तर : चुकलं, असं आमचं मत आहे, आणि हे निकाल बघून म्हणत नाही. शोहेई ओतानीचा करार त्याच हिवाळ्यात संपत होता. संघ २०१४ नंतर एकदाही प्लेऑफला गेला नव्हता आणि जुलैअखेर वाइल्ड कार्डच्या जागेच्या मागेच होता. त्याला ठेवण्याचं एक वेळ समजू शकतं, कारण प्रेक्षक त्याच्यासाठीच येत होते. पण २६ जुलैला त्यांनी ल्यूकस जिओलिटो आणि रेनाल्डो लोपेझ हे दोन पिचर घेतले. दोघेही भाड्याचे, आणि बदल्यात एडगर क्वेरो हा आघाडीचा तरुण कॅचर आणि के बुश हा पिचर गेला. कापूस वेचून झाल्यावर फरदड ठेवण्यासारखं हे आहे. चार बोंडं मिळतात, आणि अळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळतं. ऑगस्टमध्ये ओतानीच्या कोपराचा लिगामेंट फाटला, संघ घसरला आणि महिनाअखेर त्यांनी जिओलिटो, लोपेझ, मॅट मूर अशा सहा जणांना वेव्हरवर सोडून दिलं. हे तिघे क्लीव्हलंडने बदल्यात एकही खेळाडू न देता उचलले. एंजल्स ७३ विजय, ८९ पराभवांवर थांबले आणि ओतानी डिसेंबरात डॉजर्सकडे गेला.

काठावरच्या संघासाठी ढोबळ पट्टी अशी. प्लेऑफची शक्यता रोज छापणाऱ्या साइट आहेत, फॅनग्राफ्स त्यातली एक. शक्यता ४० टक्क्यांच्या वर असेल तर घ्या. १० च्या खाली असेल तर भाड्याचे सगळे विका. मधे असाल तर भाड्याचे विका आणि ताब्यातले ठेवा, किंवा स्वस्तातली डागडुजी करा. मधल्या पट्ट्यात तरुण देऊन भाड्याचे घेणं, एवढं एकच टाळायचं.

प्रश्न : डेट्रॉइटने डॉइल अलेक्झांडरसाठी जॉन स्मोल्ट्झ दिला, तो इतिहासातला सर्वांत वाईट सौदा म्हणतात. तुम्हाला पटतं? – निवृत्त शिक्षक, चाळीसगाव

उत्तर : नाही. १२ ऑगस्ट १९८७ ला स्मोल्ट्झ २० वर्षांचा होता, डबल-ए मध्ये ४ विजय, १० पराभव आणि ५.६८ चा ईआरए. अलेक्झांडर ३६ चा. तो आला आणि ९ विजय, शून्य पराभव, १.५३ ईआरए अशी कामगिरी करून गेला. डेट्रॉइटने टोरांटोला दोनच सामन्यांनी मागे टाकून विभाग जिंकला. ज्या कामासाठी आणला ते त्याने पुरं केलं. पुढे स्मोल्ट्झने अटलांटासाठी जे केलं ते डोंगराएवढं आहे, कारकिर्दीत २१३ विजय, १५४ सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखलेले सामने) आणि २०१५ मध्ये हॉल ऑफ फेम. पण त्या दिवशीच्या कागदावर ते नव्हतं. सौद्याला दोन वेगळे गुण द्या : निर्णयाला त्या दिवशीच्या माहितीवर, आणि परिणामाला पाच वर्षांनी. दोन्हींची सरासरी काढू नका, त्यातून काहीच कळत नाही.

नंतर ठरणाऱ्या खेळाडूकडेही दुर्लक्ष नको. काही सौद्यांत एक नाव मागाहून, सहा महिन्यांच्या आत ठरतं. २००८ मध्ये सी. सी. सबाथिया क्लीव्हलंडहून मिलवॉकीला गेला, ११ सामने जिंकला, २ हरला, आणि मिलवॉकी १९८२ नंतर पहिल्यांदा प्लेऑफला पोहोचलं. बदल्यात मोठं नाव मॅट लापोर्टा होतं. खरा हिरा निघाला तो मागाहून ठरलेला मायकेल ब्रँटली.

प्रश्न : खेळाडूला विचारत नाहीत का? आयपीएलमध्ये तर संमती लागते. – एक वाचक, नंदुरबार

उत्तर : बहुतेकांना विचारत नाहीत. मेजर लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच त्याच संघात झाली असतील तर नकाराचा हक्क मिळतो. काहींच्या करारात तशी अट असते. एरिक हॉस्मरने तोच हक्क वापरून सोटोच्या सौद्यात वॉशिंग्टनला जायला नकार दिला, मग त्याला बॉस्टनला पाठवलं आणि त्याच्या जागी व्हॉइट गेला. ड्राफ्टमधल्या जागा मात्र काही मोजक्या सोडल्या तर इकडून तिकडे देता येत नाहीत, हा बास्केटबॉलहून मोठा फरक.

प्रश्न : पहाटे उठून बातम्या बघायच्या तर डोळ्यांपुढून एकदम तीस-चाळीस सौदे जातात. कशाकडे बघायचं? – दोघे मित्र, शहादा

उत्तर : आपला एक संघ निवडा आणि आलेल्याबरोबर गेलेल्याही नावांची यादी करा. संघाच्या राखीव यादीत ४० आणि प्रत्यक्ष खेळणाऱ्या यादीत २६ जणच बसतात, सप्टेंबरात २८. तिघे आले तर तिघांना जागा कुणी दिली? ज्याचे मायनर लीगला पाठवण्याचे तीन ‘ऑप्शन’ संपले आहेत, त्याला वेव्हरमधून न्यावं लागतं आणि दुसरा संघ त्याला उचलू शकतो. अशी गळती सौद्याच्या किमतीतच धरायची. ६० दिवसांच्या दुखापत यादीतला माणूस ४० मध्ये मोजत नाहीत. तो ऑगस्टमध्ये परतणार असेल तर आणखी एक जाणार.

विकलेल्या तरुणांचं वयही बघा. अठराव्या वर्षी किंवा त्याआधी करार केलेल्याला पाच हंगामांनी आणि त्यानंतर केलेल्याला चार हंगामांनी ४० च्या यादीत घ्यावं लागतं, नाहीतर डिसेंबरच्या ‘रूल फाइव्ह’ ड्राफ्टमध्ये दुसरा संघ नेऊ शकतो. ज्या संघाकडे असे सहा-सात जण एकदम आले आहेत, त्याने त्यातले दोन दिले तर ते त्याला जवळपास मोफत पडले. नोव्हेंबरात ते तसेही सुटणार होते.

दुखापतीने बसलेला खेळाडू आला म्हणून लगेच नाक मुरडू नका. टॉमी एडमन २०२४ मध्ये डॉजर्सकडे आला तेव्हा मनगटाच्या शस्त्रक्रियेमुळे त्या वर्षात एकही मेजर लीग सामना खेळला नव्हता. १९ ऑगस्टला उतरला आणि ऑक्टोबरात नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आणि संघाची अधिकृत घोषणा येईपर्यंत वहीत शाईने लिहू नका, पेन्सिलने लिहा. सौदा ठरला तरी वैद्यकीय कागद तपासल्याशिवाय पक्का होत नाही. २९ जुलै २०१५ च्या रात्री मेट्सचा विल्मर फ्लोरेस मैदानावर उभा असताना प्रेक्षकांनी त्याला सांगितलं की तू मिलवॉकीला गेलास. तो शॉर्टस्टॉपच्या जागेवर बाहीने डोळे पुसत राहिला. कार्लोस गोमेझच्या कमरेच्या सांध्याबद्दल मेट्सना शंका आली आणि सौदा मोडला. ३१ तारखेला मेट्सनी योएनिस सेस्पेडेस घेतला, त्याच रात्री फ्लोरेसने बाराव्या इनिंगला होमरन मारून सामना जिंकून दिला, आणि संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत गेला. गोमेझ ह्यूस्टनला गेला. त्याच्या बदल्यात मिलवॉकीला मिळालेल्या तरुणांत जॉश हेडर होता.